सीताफळाखालचा खड्डा

शेजारच्या लहानूनं सब्बल उचलली अन् सीताफळाच्या झाडाखाली दणकन हाणली. मुरूम हातभर उडाला.

"अयूबभाऊ, पोट तुमचं अन् कंबर माही मोडून राह्यली," तो म्हणाला. "एवढुशा बरणीले केवढा खड्डा पायजे?"

"खोल पायजे. कुत्र्यानं उकरलं नाई पायजे," खाटेवरून अयूब पिंजारी म्हणाला.

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या रुबीनानं मांडीवरची थैली आवळून धरली. थैलीत बरणी, बरणीत औषधाचं पाणी, अन् पाण्यात तिच्या अब्बाच्या पोटाचा तुकडा. नागपुरात ऑपरेशन झालं तेव्हा अर्ध्याच्या वर जठर काढावं लागलं होतं. तपासणी झाली, रिपोर्ट आला. उरलेला तुकडा रुबीनाच्या प्रयोगशाळेत गेला. ती पोटाच्या कॅन्सरवरच काम करत होती, अन् असा तुकडा मागून मिळत नसतो. पण सरांनी बजावलं होतं, "घरी विचार. नको म्हणाले तर त्यांचं त्यांना परत दे."

नको म्हणाली ती तिची अम्मी, जमीला. अंगातून निघालेलं मातीत गेलंच पाहिजे, हा तिचा हट्ट. तिच्या भावाचं बोट कापसाच्या जिनिंगमध्ये तुटलं, त्यालाही तिनं मिट्टी द्यायला लावली होती. "तिकडं गेल्यावर अर्धं पोट कुठी शोधत फिराल?" असं तिनं नवऱ्याला विचारलं, अन् विषय संपला. रुबीना बरणी घेऊन वरोऱ्याच्या बसमध्ये बसली.

"दाखव तं," अयूबनं हात पुढं केला. बरणी उन्हात धरली, झाकण जरा सैल केलं, अन् डोळे पुसत पटकन परत घट्ट केलं. "एवढंसंच? यानं मले सालभर जेवू नाई दिलं?"

लहानूनं मान लांब केली. "मटणाच्या बोटीसारखं दिसते बाप्पा."

"तौबा! लहानूभाऊ!" चुलीपासून जमीला ओरडली. लहानू आला की त्या घरात सगळे मराठीच बोलत, शिव्यासुद्धा.

अयूब हसला अन् टाक्यांवर हात धरून थांबला. "याच्यात तू काय पाह्यणार होती बेटा?"

"अब्बा, आपल्या अंगात बारीक बारीक पेशी असतात. एखादी म्हातारी झाली, बिघडली, की ती आपल्या आपण मरते. मारणारे तिच्या आतच असतात. एन्झाइम. कॅस्पेज म्हणतात त्याईले. एरवी झोपलेले असतात. वेळ आली की उठतात अन् आतून एकेक टाका कापत जातात. पेशी सुटी होते. उरलंसुरलं शेजारच्या पेशी खाऊन टाकतात. ना सूज, ना पू."

अयूबचा जन्म जुन्या गाद्या उसवण्यात गेला होता. "म्हंजे उसवणारे."

"हो, उसवणारेच. या बिमारीत ते कमी पडतात, नाई तं उठतच नाई. मंग पेशी मरत नाई. वाढत राह्यते. ते काऊन उठत नाई, तेच पाह्यचं होतं मले. त्याईले उठवता आलं तं..."

अयूबनं बरणी हातात फिरवून पाहिली.

"लहानू, थांब."

"आता काऊन?"

"जे मरतच नाई त्याले मिट्टी कशी देऊ? जित्याले गाडणं गुनाह हाय." हे त्यानं जरा मोठ्यानंच सांगितलं.

"हे आंधी सांगाचं ना!" लहानूनं सब्बल फेकली.

रुबीनाचा जीव हलका झाला. आता बरणी थैलीत टाकायची अन् दुपारची बस धरायची. तिनं हात पुढं केला, अन् तो तसाच राहिला.

"अब्बा, या पाण्यात टाकलं की सगळंच मरते," ती म्हणाली. "याच्यातलं काईच जितं नाई. खोटं सांगून नाई नेत मी."

अयूबनं आधी चुलीकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मले समजत नाई काय? नुसत्या वासानं डोळ्यातून पाणी आलं. त्याच्यात काय जितं राह्यन? पण तुह्या अम्मीले हेच पटन. तू गप राह्य."

"अम्मी बहिरी नाई," दारातून आवाज आला.

जमीला उभी होती. कधीपासून, कोण जाणे. अयूब शाळेतल्या पोरासारखा खाली पाहू लागला. तिनं त्याच्या हातातली बरणी घेतली, उन्हात धरली नाही, तिच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नाही. आत गेली. बाहेर आली तेव्हा बरणी ताज्या पिंजलेल्या कापसात गुंडाळलेली होती, वरून तिच्या जुन्या ओढणीची गाठ. ती तिनं रुबीनाच्या थैलीत उभी ठेवली.

"रस्ता खराब हाय," ती म्हणाली. "मांडीवर घेऊन बस. काम झालं की परत आणजो."

लहानू कंबर धरून उठला. "अन् मी एवढा खणला, त्याचं काय? बुजवू?"

"बुजवू नका," जमीला म्हणाली. "वर फळी ठेवा. कोंबडीचे पिल्लं पडतीन."