टेपचे दोन वेढे

डंपरचा हौदा कोसळला आणि धाकट्याचा उजवा पंजा गेला, तेव्हापासून गॅरेजात जो तो एकच पाढा वाचत होता: टेकू का नाही लावला? उचललेल्या हौद्याखाली शिरताना आधी लोखंडी टेकू लावायचा, एवढं ड्रायव्हरला कळू नये?

थोरला त्याच गॅरेजात फिटर. तो मान खाली घालून ऐकत होता. ऐकेल नाही तर काय करेल!

हौद्याचं गणित साधं. पंप तेल ढकलतो. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून ते सिलिंडरातल्या दांड्याला वर रेटतं आणि दांडा हौद्याला. सगळा भार त्या कोंडलेल्या तेलावर. आणि तेलाला कोंडून धरतं बांगडीएवढं रबरी सील. ते फाटलं की खेळ खलास. थोरल्याने गेल्या आठवड्यात जुनंच झिजलेलं सील पुसून, मागे टेपचे दोन वेढे देऊन परत बसवलं होतं. दुकान समोरच्या चौकात. पण या फिटर साहेबांना उन्हात जायचा कंटाळा आला होता!

दवाखान्यात भावजय नवऱ्यालाच झापत होती. "टेकू लावायला हात झडले होते का?" बोलून गेली, पट्ट्यांकडे पाहिलं आणि तिचं तिलाच रडू फुटलं. "भावोजी, तुम्हीच विचारा यांना."

धाकटा कसनुसा हसला. "हिला सांग ना, दादा. सिलिंडर तू खोलला होतास. म्हटलं, दादाचं काम आहे, टेकू कशाला?"

थोरल्याला तिथे बसवेना.

गॅरेजात मालक वाटच बघत होता. "सिलिंडर खोल. आत सगळं ठीक निघालं, तर चूक ड्रायव्हरची. त्याला काढला तरी कोणी तोंड उघडणार नाही." मग आवाज उतरवून म्हणाला, "नवं सील आणून ठेवलंय. कळलं ना?"

थोरल्याने सिलिंडर खोलला. सील फाटून निघालं, टेपचं शेपूट लोंबत होतं. ते त्याने तसंच मालकाच्या टेबलावर आपटलं.

"हे मी बसवलं. धाकट्याला हात लावायचा नाही."

"अक्कल गहाण टाकलीस का? तू जाशील!"

"जातो."

सील उचलून तो निघाला. मालकासमोर जीभ चालली होती. दवाखान्याच्या जिन्यावर मात्र पाय उचलेनात.

"काय आणलंस, दादा?" धाकट्याने डावा हात पुढे केला.

थोरल्याने ते तेलकट सील त्या हातावर ठेवलं.

धाकटा ड्रायव्हर होता. टेप त्याला ओळखता येत होती.