सरासरी साठ

रमाकांतने यशश्रीच्या नावावर आडवी रेघ ओढली आणि अर्ज कुसुमताईंकडे सरकवला.

"घ्या. आता सरासरी पासष्ट."

कुसुमताईंचं डोकंच फिरलं. ज्येष्ठ महिलांच्या भजनस्पर्धेचा नियम असा, की मंडळाचं सरासरी वय निदान साठ हवं. कुसुमताई धरून पाच जणी बासष्ट ते अडुसष्टच्या आणि सहावी यशश्री, एकोणतीसची. तिच्यापायी सरासरी एकोणसाठवर येत होती. एका वर्षासाठी पोरीला काढायची? रमाकांत स्पर्धेचा चिटणीस. टोपी बाजारातल्या आपल्या दुकानातच तो अर्ज घेत होता, आणि आज शेवटचा दिवस. तबल्याला दुसरं कुणी बघा, असं त्याने शांतपणे सुचवलं.

दुसरं कुणी मिळालंही असतं. पण नवऱ्याचं घर सोडून आल्यावर ही पोर वर्षभर दाना ओली गल्लीतल्या माहेरच्या खोलीबाहेर पडली नव्हती. कुसुमताईंनीच तिला हाताला धरून तबल्यापाशी बसवलं, तेव्हा कुठे ती माणसांत आली. आता तिला पुन्हा वजा करायचं, तेही तिच्या डोळ्यांदेखत.

यशश्री शेजारीच उभी होती. "रहने दो ना, मावशी. मी नसले तर काय बिघडतं?"

"तू गप्प बैस."

मंडळात जास्तीत जास्त किती जणी चालतात, असं त्यांनी रमाकांतला विचारलं. सात, तो म्हणाला. त्या ताडकन उठल्या आणि ऑटो करून घरी गेल्या.

तासाभराने त्यांनी त्याच दुकानापुढे सासूबाईंना ऑटोतून उतरवलं. अनसूयाबाई, वय वर्षं ब्याण्णव.

रमाकांत बघतच राहिला. "ताई, या गाणार?"

"टाळ धरतील. नियमात गळा कुठे मोजलायस? तुला वय हवंय ना, घे वय."

त्याने नाइलाजाने बेरीज केली, साताने भागलं. पुन्हा एकदा भागलं. त्रेसष्टच्या वर जात होतं. मग मुकाट्याने नवा अर्ज काढून त्यावर यशश्रीचं नाव लिहिलं.

कुसुमताई मोठ्या तोऱ्यात यशश्रीकडे वळल्या, तेवढ्यात सासूबाईंनी त्यांचा पदर ओढला.

"स्पर्धेला जाताना गाडीत मला धरलंय ना?"

"म्हणजे काय आई, धरलंयच."

"विचारून घेतलेलं बरं. नातवाच्या साखरपुड्याला माणसं मोजलीत, तेव्हा एक जास्त झालं म्हणून मला घरी ठेवलंत."

ती मोजणी कुसुमताईंनीच केली होती. त्यांना वर बघवेना.

"या वेळी मी पुढे बसेन," अनसूयाबाई म्हणाल्या. "मागून काही दिसत नाही."

"बसा," कुसुमताई कशाबशा म्हणाल्या.