शुक्रवारची नळी

भिंगाखाली ती पोलादी नळी, केसाएवढी... टोकावर काळपट पुट, आणि टोक जेवढं बाहेर डोकवायला हवं तेवढं नाहीच, आत सरकलेलं. मेरेआनाने डोळा चोळून भिंग पुन्हा लावलं. काळपटच.

शिंपल्यांतलं विष मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरचा प्रोब दर आठवड्याला थंड करायचा, उपसायचा, सुटा करून नळी बदलायची, परत जोडायचा – दोन तासांचं काम. खरं तर शुक्रवारचं. पण शुक्रवारी मामाच्या अंत्यविधीसाठी गावी पोचायचं होतं, टौरांगाच्या या प्रयोगशाळेहून तीन तास, आणि सोमवारी करू म्हणाली ती... मी म्हणाले.

घरच्या किनाऱ्याचे शिंपले त्या दिवशी तपासायला शेवटचे होते. आधी तपासणी-नमुना, मोजून विष घातलेला. त्याचा आकडा निम्माच आला. पुन्हा लावला, निम्माच. तिसऱ्यांदा कसाबसा हद्दीत बसला, तोच धरला. सगळेच तसं करतात. मग शिंपले निर्धोक निघाले – निघणारच होते, यंत्र अर्धं आंधळं होतं – आणि तेवढ्यात वाइमारी मावशीचा फोन.

"काय ग पोरी, काढू ना शिंपले? उद्या दोनशे पानं उठायचीत."

"काढ मावशी, बिनधास्त."

"बघ हं. तुझ्या यंत्राला नाक नसतं."

हसलो होतो दोघी.

शनिवारी मराएच्या, म्हणजे माओरी सभाघराच्या, स्वयंपाकघरात मेरेआना भांडी घासत होती; तिची जेवायची पाळी येईपर्यंत शिंपले संपले. मावशीने मात्र दोन वाडगे खाल्ले, मग म्हणाली, ओठ बधिर झालेत ग. सात जण आजारी पडले, सहा घरी आले. मावशी अजून श्वासाच्या यंत्रावर आहे. आई गेल्यावर जिने मला वाढवलं ती, आणि तिच्या विषातला एक शिंपलाही माझ्या वाट्याला आला नाही.

"झालं का?" साहेब, ग्रेअम, दारातून डोकावला. "दहाला त्या किनाऱ्याचे नवे नमुने येतायत. शुक्रवारचे आकडे मी पाहिले, चोख आहेत. बंदीची पाटी ओलांडून पलीकडचे काढले असणार. तुमची मंडळी पाटी वाचतात कुठे!"

तो सहज बोलला. मावशीने जन्मात पाटी ओलांडली नव्हती. पहिला शिंपला समुद्राला परत दिल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नसे ती. ती शुद्धीवर आली नाही तर हेच राहील तिच्या नावावर... आणि आली तर? तर मला विचारेल.

नवी नळी बसवली. टोक मोजून बाहेर, पाना हलक्या हाताने, प्रोब जागेवर. तापमान चढलं, फवारा धरला. तपासणी-नमुना लावला. पहिल्याच वेळी बरोबर. एवढंच करायचं होतं शुक्रवारी. दोन तास.

नोंदवहीत रकाना होता: जुना भाग काढताना कसा आढळला. तिथे ती नेहमी 'ठीक' लिहायची, न बघता.

"जुनी टाकलीस ना डब्यात?" ग्रेअम आतून ओरडला.

नळी मुठीत होती. तळहाताला टोचत होती. टोचतंय, हे कळत होतं. मावशीला आता तेवढंही कळत नसेल. डब्याचं झाकण उघडून टाकली की पुरावा संपला... पण मूठ उघडेना, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की ती उघडू नये.

"नाही," मी म्हणाले. आवाज माझा होता, आणि आता तो परत घेता येणार नव्हता.