पिवळ्या पट्टीवरची सहा अक्षरं

वकीलबाईंनी किल्ली काउंटरवर आपटली. "ही चौथी खेप," त्या म्हणाल्या. "आज ट्रकला मागे टाकताना गाडीनं ऐन वेळी मान टाकली. मागच्या सीटवर माझी आई होती. आता दुरुस्त होत नसेल तर तसं सांगा, भंगारात देते."

वर्कशॉपचे वायरवाले फ्यूजकाका दाराकडे बघू लागले. गाडी दारात उभी होती. निळी, बुटकी, पाचशे घोड्यांची, नुसती उभी राहिली तरी उर्मट दिसणारी. आणि अंगात आलेल्या माणसासारखे तिचे चाळे. ब्रेक दाबला की मागची डावी काच खाली उतरायची. डावीकडचा इंडिकेटर लावला की डिकीचं झाकण टक्कन उघडायचं. आणि मोकळा रस्ता बघून पाय दाबावा, तर पडद्यावरचे सगळे लाल-पिवळे दिवे एकदम पेटायचे आणि गाडी लंगडत कडेला जायची. बरं, हे रोज होईल तर शपथ. आठवडाभर शहाण्यासारखी वागायची आणि नेमकी नको तिथं बिघडायची.

फ्यूजकाकांचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, इतर कुणाला ते आठवतही नसेल. वय एकोणसाठ, त्यातली चाळीस वर्षं वायरींत गेलेली. डोळ्यांना चष्मा लागून सहा वर्षं झाली होती, पण तो घरातल्या टेबलावर आणि वर्कशॉपात वरच्या खिशात. चारचौघांत लावला तर लोक म्हणतील म्हातारा झाला. "मी हातानं बघतो," असं ते ऐटीत सांगायचे, आणि खरंच बघायचे. काळी टेप गुंडाळून झाली की तिचं टोक दुमडून एक चिमुकला कान ठेवायचे. पुढच्या माणसाला नखानं सोडवता यावी म्हणून. असा कान ठेवणारा आख्ख्या वर्कशॉपात दुसरा कुणी नव्हता.

या गाडीचं नाव निघालं की ते दुसरंच काम काढून बसायचे, त्याला कारण होतं. वर्षभरापूर्वी गाडीला मागून धडक बसली होती. मागचा डावा पत्रा सरळ केला, रंगवला तो त्यांच्या साडूनं. साडू म्हणजे सख्खा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. वर्कशॉपचा रंगारी. नोकरीला त्याला फ्यूजकाकांनीच लावलेलं. रंग झाला, वायरिंग फ्यूजकाकांनी परत जोडलं, आणि चार महिन्यांत गाडीच्या अंगात यायला लागलं. तेव्हा निकाल दिला तो फ्यूजकाकांनी. "रंग वाळवायची भट्टी जास्त तापवली. मागचा कंट्रोल बॉक्स भाजून निघाला." साडू म्हणाला, "भट्टी साठ अंशांच्या वर नेलीच नव्हती." पण त्याचं कोण ऐकतो? फ्यूजकाका म्हणाले म्हणजे म्हणाले. बॉक्स नवा आला, गाडी बरी झाली, आणि रंगाऱ्याला घरी बसवलं. त्याला आता आठ महिने झाले. तेव्हापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलत नव्हत्या. फ्यूजकाकांची बायको जेवताना अवाक्षर काढायची नाही, पण ताट जरा जोरात ठेवायची.

आणि गाडी तर पुन्हा पुन्हा येत होती. बॉक्स नवा, बॅटरी नवी, सेन्सर नवे. म्हणजे बॉक्स भाजलाच नसेल तर? हा प्रश्न फ्यूजकाका तीन महिने टाळत होते. टाळायचंही कष्टाचंच काम असतं हो. माणूस त्यानं जास्त थकतो.

मालकीणबाई ऑफिसातून बाहेर आल्या. वडिलांनंतर वर्कशॉप त्याच बघायच्या. "काका, आज काय तो सोक्षमोक्ष लावा," त्या म्हणाल्या. "मी गाडीत बसते. सांगाल ते बटण दाबते."

स्कॅनर लावला. सदतीस चुका. एकीचा दुसरीशी संबंध नाही. एक म्हणते दार, एक म्हणते दिवा, एक म्हणते पेट्रोलचा पंप. मागच्या तीन खेपांना फ्यूजकाका या यादीमागे धावून धावून दमले होते. आज त्यांच्यात धावायची ताकदच उरली नव्हती. ते स्टुलावर बसले आणि यादी नुसती वाचत राहिले, म्हणजे हात लांब धरून, डोळे बारीक करून. मागची काच. डिकी. मागचे दिवे. पंपसुद्धा मागच्या सीटखाली. अरे, ही सगळी भुतं मागच्याच बाजूला बसलीत की!

मागच्या बाजूचं सगळं वायरिंग एका ठिकाणी येऊन गाडीच्या पत्र्याला मिळतं. डिकीत, डाव्या कोपऱ्यात, गालिच्याखाली, एका बोल्टवर. गेलेला करंट तिथूनच परतायचा. ती वाट अडली, की तो दिसेल त्या दुसऱ्या वायरीत घुसतो. ब्रेकच्या दिव्याचा करंट काचेच्या मोटारीत घुसतो, आणि काच बिचारी खाली येते.

पण तो बोल्ट त्यांनी तपासला होता. एकदा नाही, तीनदा. मीटर लावलं की 'टीं' वाजायचं. 'टीं' म्हणजे जोड उत्तम.

"काका? किती वेळ?" मालकीणबाईंनी काचेतून विचारलं.

"हेडलाइट लावा. मागची काच तापवायचं बटण दाबा. सीटचे हीटर, पंखा, जे जे आहे ते सगळं लावा. आणि ब्रेकवर पाय."

रिकाम्या हातानं चालताना दुखऱ्या पायाचा माणूसही धड चालतो. डोक्यावर पोतं दिलं की लंगडतो. हे फ्यूजकाका स्वतः दहा जणांना शिकवत आले होते. आणि स्वतः तिन्ही वेळा गाडी बंद ठेवून मीटर लावलं होतं. का? तर निकाल आधीच दिलेला होता. दिलेला निकाल कोण कशाला तपासतो?

मीटरचं एक टोक बॅटरीला, एक टोक त्या बोल्टवरच्या वायरीच्या कडीला. आकडा शून्याच्या आसपास हवा. त्यांनी डोळे बारीक केले, मग वैतागून खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. एक पूर्णांक नऊ व्होल्ट. टक्कन आवाज झाला आणि मागची डावी काच सरसर खाली उतरली.

फ्यूजकाका गालिचा आणखी मागे सारून डिकीत अर्धे आत गेले. गुडघे कुरकुरले. वायरींचं जुडगं दिसलं, त्यावरची काळी टेप दिसली, आणि टेपच्या टोकाला कान.

त्यांचाच कान.

त्यांनी बोल्ट सोडवला. कडीखाली निळा रंग होता, आरशासारखा तुळतुळीत. रंगावर वायर बसवली होती, पत्र्यावर नाही. रंगातून करंट जात नाही हे कुणालाही कळतं. बोल्टच्या आट्यांनी इतके दिवस कसंबसं निभावून नेलं होतं. नवा बॉक्स बसवताना सवयीनं बोल्टलाही अर्धा आटा दिलेला, म्हणून मधले चार दिवस बरे गेले होते.

पण रंगारी इथं पट्टी लावतो. वर्कशॉपचा रिवाजच तो. रंगाऱ्यानं सगळं रंगवायचं, आणि जिथं रंग खरवडून पत्रा उघडा करायचा तिथल्या वायरीवर पिवळी कागदी पट्टी चिकटवायची. वायरवाल्यानं पत्रा घासायचा आणि पट्टी काढून जॉबकार्डाच्या पाठीवर लावायची. साडूनं इथं पट्टी लावली नसेल. लावली नसेलच. फ्यूजकाकांचं मन त्या एका गोष्टीला घट्ट धरून बसलं.

त्यांनी कान नखात धरला आणि टेप उलगडली. दोन वेढे. तीन वेढे. आत पिवळा कागद. वायरींच्या जुडग्याला नीट चिकटवलेला, आणि त्यावर पेन्सिलीनं, साडूच्या तिरक्या अक्षरात: साडू, इथे घास.

ते आत तसेच पडून राहिले. त्या दिवसाचं सगळं आठवलं. घाई नव्हती, आजारपण नव्हतं, काही नव्हतं. चष्मा खिशात होता, एवढंच. चार माणसं बघत होती, आणि त्यांनी आंधळ्यानं चाचपावं तसं हातानं, पट्टीवरूनच टेप गुंडाळून, काम उरकलं होतं. साडूनं तोंडीही विचारलं होतं, "तो आतला पत्रा घासलास ना रे?" आणि ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, "आता तू मला वायरिंग शिकव!" सगळे खो खो हसले होते. साडूही हसला होता.

"सापडलं?" मालकीणबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"सापडलं. माझी चूक. भट्टीचा काही संबंध नव्हता." त्यांनी पट्टी दाखवली.

मालकीणबाईंनी ती वाचली. मग हळूच म्हणाल्या, "काका, तुमचं एक वर्ष राहिलंय. कार्डावर 'जोड साफ केला' एवढं लिहा. वकीलबाईंना गाडी चालल्याशी मतलब. उगाच कशाला..."

मोह झाला नाही असं कसं म्हणू? झाला. ते इतके दमले होते, की कुणी गप्प बसायची परवानगी दिली हेच त्यांना अंथरूण घातल्यासारखं वाटलं. त्यांनी सँडपेपर घेतला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायर बसवली, बोल्ट आवळला. परत सगळे दिवे लावले. आकडा शून्याशी आला. ब्रेक दाबला, काच जागची हलली नाही. डिकी मिटलेली राहिली.

मग त्यांनी चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून जॉबकार्ड ओढलं आणि लिहिलं: रंगाऱ्यानं पट्टी लावली होती. मी वाचली नाही. घासलं नाही. दोष दिला तो खोटा. खाली सही केली. खऱ्या नावानं.

मालकीणबाईंनी कार्ड वाचलं. "मी त्याला तसं पत्र देते," त्या म्हणाल्या. "जागा अजून भरलेली नाही. पण तो येईल का, हे मला विचारू नका. आणि ही पट्टी कार्डाला लागते ना?"

"आज नाही. उद्या लावतो."

साडूचं घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. आठ महिन्यांत त्या तीन गल्ल्या चालून जायला फ्यूजकाकांचे पाय धजले नव्हते. साडू अंगणात बसून एका शाळेचे बाक रंगवत होता, हातात साधा ब्रश. गाड्यांवर आरसा उमटवणारा माणूस! दारात मेहुणी आली, थबकली. "या भावोजी," असं म्हणायची सवय तिच्या ओठांवर आली आणि तिथंच थांबली.

"गाडीत सापडली," फ्यूजकाका म्हणाले आणि पट्टी पुढे केली.

साडूनं ती घेतली नाही. ब्रश डब्यावर आडवा ठेवला, हात पुसले. "काय लिहिलंय? वाच."

"तुझंच अक्षर आहे."

"माझं मला माहीत आहे. तू वाच."

फ्यूजकाकांनी चष्मा लावला. मेहुणी बघत होती, शेजारचे दोघं कुंपणावरून बघत होते. बघू देत. "साडू," त्यांनी वाचलं, आणि पट्टी उजेडाकडे धरली. परत सुरुवात केली. "साडू, इथे घास."

बाकाचा ओला रंग उन्हात चमकत होता.

"सहा अक्षरं आहेत," साडू म्हणाला. "आठ महिने लागले तुला."

"चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो होतो, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहून आलोय. कार्डावर, सहीनिशी."

साडूनं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. त्यानं ब्रश उचलला, रंगात बुडवला, आणि रंगवायचं सोडून तसाच धरून बसला. थेंब खाली पडत राहिले. "मी घरी आलो की हिनं रोज विचारायचं," तो शेवटी म्हणाला, बायकोकडे न बघता. "ताईचा काही निरोप आहे का. रोज. आठ महिने मी हिला नाही म्हणत आलो."

मेहुणीनं पदर तोंडाला लावला.

"मी परत येईन असं समजू नकोस," साडू म्हणाला. "आज तरी विचारू नकोस. मला काही वाटत नाहीये, थकलोय नुसता."

"मीही," फ्यूजकाका म्हणाले.

त्यांनी फोन काढला, बायकोला लावला, आणि ती "अहो, काय झालं?" म्हणेपर्यंत तो मेहुणीच्या हातात दिला. मग ते साडूच्या शेजारी, न रंगवलेल्या बाकावर बसले. आतून दोघी बहिणींचा आवाज येत होता, आधी एकीचा, मग दोघींचा एकदम. साडूनं दुसरा ब्रश त्यांच्याकडे सरकवला.

"चष्मा काढू नकोस," तो म्हणाला. "कडा सोडशील."