डॅशची रेघ, डॉटचं टिंब

मित्रांनो, आधी माझ्याकडे जरा नीट बघा. 'क'वरचा रंग पार उडाला आहे, 'आ' अर्धाच उरला आहे, आणि एंटरचे बटण एकदा दाबले की वर यायचे की नाही याचा ते थोडा विचार करते. मी कीबोर्ड आहे. वय वर्षे तेरा. तुमच्यात तेरा म्हणजे लहान, पण आमच्यात तेरा म्हणजे पणजोबा!

एका लांबलचक कारखान्यात माझा जन्म झाला. यंत्राने माझ्यावर अक्षरे छापली, एका बाईने प्रत्येक बटण बोटाने दाबून पाहिले आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते थेट ताईच्या टायपिंगच्या दुकानात. दुकान म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दोन खुर्च्या, एक खिडकी, आणि खालून दिवसभर हातोडीची ठोकाठोक. तिला सगळेच ताई म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले लोकसुद्धा. लोकांनी हाताने लिहिलेली पुस्तके, अर्ज, अहवाल ती टाइप करून देई. तिची बोटे माझ्यावरून अशी पळत की मला गुदगुल्या होत.

दुसऱ्या खुर्चीवर तिचे वडील बसत. त्यांना आप्पा म्हणत. त्यांनी चाळीस वर्षे छापखान्यात खिळे जुळवले होते. म्हणजे शिशाचे एकेक अक्षर खणातून उचलायचे आणि त्यांची ओळ बांधायची. छापखाना बंद झाला, मग ताईची आई गेली, आणि आप्पा दिवसभर घरात भिंतीकडे बघत बसू लागले. तेव्हा ताईने त्यांना दुकानात आणले. म्हणाली, "तुम्ही वाचा आप्पा, मी टाइप करते. सारखं कागदाकडे वळून वळून माझी मान मोडायला आलीय."

पहिल्या दिवशी काय फजिती झाली म्हणून सांगू! आप्पा नुसते "रेघ" म्हणाले आणि ताई थांबली. ती टायपिंगच्या वर्गात डॅश, डॉट, ब्रॅकेट, स्टार शिकलेली. आप्पांच्या छापखान्यात त्याच खुणांना रेघ, टिंब, कंस, चांदणी म्हणत. दोघांनीही आपापला शब्द सोडला नाही, पण भांडणही केले नाही. संध्याकाळपर्यंत आप्पा आपसूक म्हणू लागले, "डॅशची रेघ." "डॉटचं टिंब." "ब्रॅकेटचा कंस." "स्टारची चांदणी." अर्धे नाव लेकीचे, अर्धे बापाचे.

एक शब्द जादा होता, हे मलाही कळत होते. पण तुम्हीच सांगा, असे कोण बोलत नाही? फोनवर ईमेलचा पत्ता सांगणारे प्रत्येक गिऱ्हाईक 'ॲट द रेट' म्हणे. त्यातला रेट कशाचा, हे तेरा वर्षांत मला कुणी सांगितलेले नाही. कुणी 'प्रश्नचिन्हाची खूण' म्हणे, कुणी 'स्पेसबारची पट्टी'. त्यांना कुणी हसत नसे.

शिवाय त्या जादा शब्दाला काम होते. आप्पांच्या हातात छापखान्यातली एक पितळी पट्टी असे. जी ओळ वाचायची तिच्याखाली ती धरायची, म्हणजे नजर चुकत नाही. 'डॅशची' हा शब्द ताईसाठी असे. 'रेघ' म्हणता म्हणता आप्पा पट्टी सरकवून नीट करत, आणि तेवढ्यात त्यांचा श्वासही घेऊन होई. नऊ वर्षांत त्यांच्याकडून एक ओळ गळली नाही. खालचा सायकलवाला सगळे ऐकत असे. दुपारी चहा झाला की तो खालूनच विचारी, "काय आप्पा, आज चांदण्या किती?" आप्पा खिडकीतून सांगत, "आज नाहीत रे बाबा, नुसती टिंबंच आहेत." गिऱ्हाइके ताईच्या कामाची तारीफ करत, ताई आप्पांकडे बोट दाखवी, आणि मी मधल्यामध्ये उगीचच फुगून जाई.

मग इंजिनियरसाहेब आले. निवृत्त झालेले, स्वभावाने चांगले. तरुणपणी त्यांनी एक मोठा पूल बांधला होता, त्यावर पुस्तक लिहिले होते. छपाईची तारीख ठरलेली होती, म्हणून ते रोज स्वतः स्टुलावर येऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात त्यांना हसू आवरेना.

"डॅशची रेघ?" ते म्हणाले. "म्हणजे पाण्याचं जल झालं की हो. असं डबल डबल बोलत बसलात तर तेवढ्यात दुसरा पूल बांधून होईल."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. पण ताईचे कान लाल झाले. तिने आप्पांकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "आप्पा, एकच शब्द म्हणत जा. तेवढाच वेळ वाचेल."

आप्पा म्हणाले, "बरं."

कोणता शब्द ठेवू, हेसुद्धा त्यांनी विचारले नाही. पुढच्या ओळीपासून ते तिचाच शब्द म्हणू लागले. डॅश. डॉट. ब्रॅकेट. स्वतःचे शब्द त्यांनी गिळून टाकले. मित्रांनो, त्यांचा आवाज तेव्हा कसा झाला माहीत आहे? परक्याच्या घरी जेवताना माणूस जसा जपून बसतो, तसा. पट्टी सरकवायला सवड उरली नाही. प्रत्येक खुणेआधी ते अडखळत, शब्द शोधत, आणि हात मागे राही. एरवी काम संपले की दोघे मिळून पुन्हा एकदा सगळे ताडून पाहत. या वेळी घाईत तेही राहून गेले.

महिन्याने इंजिनियरसाहेब छापलेले पुस्तक घेऊन आले. एका पानावर पुलाच्या कामगारांची यादी होती. तिच्या मध्यावर त्यांनी बोट ठेवले.

"इथे एक माणूस हवा होता," ते म्हणाले. "आमचा वेल्डर. उंचावर कसं चालायचं ते मला त्यानं शिकवलं. काल त्याची मुलगी पुस्तक घेऊन गेली. तिनं माझ्यासमोर यादी दोनदा वाचली, आणि पुस्तक मिटून पिशवीत ठेवलं."

ताईने मूळ कागद काढला. ओळ तिथे होती. नाव, कंसात काम, मग रेघ, मग वर्षे. सगळ्या यादीत सर्वांत जास्त खुणा त्याच ओळीत होत्या.

"घाई मी केली," ताई म्हणाली. "चूक माझी आहे."

आप्पांनी पट्टी खिशात ठेवली. "नाही. ओळ माझ्याकडून गळली."

इंजिनियरसाहेबांनी उरलेल्या प्रतींमध्ये नावाची चिठ्ठी चिकटवायचे ठरवले.

दुसऱ्या दिवशी शेजारची खुर्ची रिकामी होती. आप्पा म्हणाले, डोळे दुखतात. डोळे दुखत नव्हते, हे ताईला कळत होते. तिने पुष्कळ विनवले. शेवटी तिने कागद वाचून घेणारे एक यंत्र आणले आणि त्याच्याबरोबर उजेड पडणारा एक नवा कीबोर्ड. माझी रवानगी घरच्या कपाटावर झाली. अंगावर धूळ साचली. पण धुळीचे मला काही वाटले नाही. वाटले ते याचे, की तिथून मला आप्पा दिसत. ते पुन्हा भिंतीकडे बघत बसलेले असत.

एका रविवारी ताईने मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरला जोडले. आप्पांच्या हातात दोन कागद देत म्हणाली, "वाचा ना आप्पा. पूर्वीसारखं."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचू लागले. आवाज स्थिर होता. पहिली खूण आली.

"डॅश," ते म्हणाले.

ताईची बोटे थांबली. ती वाट बघत होती. मीही बघत होतो. पुढे काहीच आले नाही.

"काय गं, चुकलं का काही?"

"आप्पा, रेघ म्हणा ना."

ते थोडेसे हसले. "कशाला गं? तुला कळतं की तेवढ्यात."

आणि पुढे वाचू लागले. दोन्ही कागद पाव तासात झाले. एकही ओळ गळली नाही, एकही शब्द जादा नव्हता. ताईने खाली मान घालून सगळे टाइप केले. मधे दोनदा माझ्यावर पाणी पडले, ते तिने बाहीने टिपले.

आता दर रविवारी मी कपाटावरून खाली येतो. आप्पा वाचतात, पण त्यांचे शब्द काही येत नाहीत. तरीही प्रत्येक खुणेपाशी ताईची बोटे माझ्यावर क्षणभर टेकून राहतात. मग ती पुढे जाते.

मित्रांनो, मला पुसा, माझ्यावर चहा सांडू नका, असे मी सांगायला हवे खरे. पण मी तेवढ्यासाठी बोलत नाही. तुमच्या घरी कुणी एखादा शब्द जादा बोलत असेल, तर तो तोडू नका. हसू आले तरी तोंडावर हात ठेवा, आणि त्यांचे बोलणे पुरते होऊ द्या.