दोन सायकलींची तिकिटं

सायकलींची तिकिटं मीच काढली होती. दोन, एक लोरांदचं, एक माझं. बालाटोन तलावाकडे जाणाऱ्या गाडीत शनिवारी सायकली टांगायचे हूक आठवडाभर आधीच भरतात.

फलाटावर किंगा उभी होती, लोरांदच्या ऑफिसातली. सायकलीवर झोपायची पिशवी, स्टोव्ह, पातेलं, सगळं नीट बांधलेलं. तंबू नव्हता. आमचा तंबू दोन माणसांचा, आणि तो लोरांदच्या कॅरिअरवर होता.

लोरांद म्हणाला, ती येणार हे सांगायचं राहूनच गेलं. मग तिच्या सायकलीचं कौतुक सुरू झालं. किती हलकी, आणि किंगा ती एका झटक्यात टांगते. माझी सोळा किलोची सायकल बारा वर्षं तोच टांगत आलाय. ती जड आहे असं कधी म्हणाला नव्हता.

टीसीबाईंनी दारातच अडवलं. "तीन सायकली, दोन तिकिटं. तिसरी काय मांडीवर घेणार?" पुढची गाडी दोन तासांनी होती, तीत जागा होती.

लोरांद माझ्याकडे वळला. "रेका, तू मागून येतेस का? तुला गाडीत वाचायला आवडतं नाहीतरी."

तिघांतून दोघं निवडायचे तीनच प्रकार. एक त्याने सुचवला. मी त्याच्याबरोबर गेले असते, तर तो वाटभर घड्याळ बघत बसला असता. मी दोन्ही तिकिटं टीसीबाईंना दिली.

"मी आणि किंगा जातो. तंबू सोड, आम्ही पुढे जाऊन उभा करतो."

"अगं, पण..."

"सुटतेय गाडी, साहेब," टीसीबाई म्हणाल्या.

त्याने पट्टे सोडले.

किंगाने माझीही सायकल टांगली. खरंच एका झटक्यात. मला ते आवडलं नाही.

समोर बसून तिने पोगाचाचा, छोट्या खारट पावांचा, डबा उघडला, पण खाल्लं काहीच नाही. "मला वाटलं तू येत नाहीयेस," ती म्हणाली. "तुझे पेपर तपासायचे राहिलेत, तिकीट वाया जाईल, असं म्हणाला तो. म्हणून मी काढलं नाही."

पेपर काल दुपारीच तपासून झाले होते. मी येते म्हटल्यावर लोरांद 'छान' म्हणाला होता.

"काल त्याचा फोन नाही आला तुला?"

"आला ना. चहापत्ती आण म्हणाला."

पोगाचा अजून कोमट होता. मी एक घेतला, आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला सांगितलं.