डोंगराला ल्हॉनिद

मित्रांनो, मी एक जुना पितळी बिगुल आहे. पोचे आलेला, आणि जरासा हट्टी.

वेल्सच्या उत्तरेला पाटीच्या दगडाची एक खाण होती. तिथे गुइलिमकाका मला फुंकत. मी एकदा वाजलो की सगळे आडोशाच्या खोलीत पळत आणि सुरुंग उडे. दुसऱ्यांदा वाजल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, असा कायदाच होता. मधल्या वेळात डोंगराला ल्हॉनिद द्यायचं. ल्हॉनिद म्हणजे निश्चलपणा. पण तो दुसऱ्याने द्यावा लागतो. आया पोरांवर ओरडत, "आजोबांना जरा ल्हॉनिद द्या रे!" तसंच हादरलेल्या दगडाचंही होतं. म्हातारा एलिस खोलीच्या मागच्या भिंतीतल्या खडकाला तळहात लावून उभा राही. त्या हाताला तीनच बोटं होती. दगड आतून निवला की तो मान हलवी आणि मग मी वाजे.

एलिस वारला. आठवड्याने त्याचा मुलगा इद्वाल पहिल्यांदाच बापाच्या जागी कड्यावर चढणार होता. सुरुंग उडाला, धूळ बसली.

"फुंका काका, गप्प झालाय डोंगर," इद्वाल म्हणाला.

"आधी हात लावून बघ, पोरा."

"बाबांची थेरं बाबांबरोबर गेली. फुंका हो!"

काकांनी फुंकलं. मी वाजलो नाही. त्यांचा श्वास माझ्यात शिरला आणि थंडगार होऊन त्यांच्याच तोंडात परतला. माझ्या कर्ण्यावर कुणीतरी हात दाबून धरला होता. तो मलाच काय, कुणालाच दिसेना.

"काका, न्याहारी विसरलात वाटतं!" कोपऱ्यातून कुणीतरी हसलं.

काकांनी गाल फुगवून पुन्हा जोर लावला. काही नाही. इद्वाल दाराशी चरफडत उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कडा कोसळला. त्याचा दोर बांधला होता, नेमका तिथेच.

बऱ्याच वेळाने तो गार हात उचलला गेला. काकांचे ओठ माझ्यापासून दूर होते, तरी मी वाजलो. एकदाच, हळू.

माझ्या पितळेवर तीन बोटांचा डाग उमटला होता. इद्वालने त्यावर आपला हात ठेवला आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

आता खाण बंद आहे. मी त्याच खोलीत खिळ्याला टांगलेला असतो. येणारे जाणारे मला राखेने घासतात, डाग काही जात नाही. मित्रांनो, तुम्हीही मला खुशाल फुंकून बघा. पण वाजलो नाही, तर मला आपटू नका आणि जागचे हलू नका. ल्हॉनिद द्या. एलिसने अजून मान हलवायची आहे.